महूच्या माळावर बर्फगाडी

आमच्या घरात पोळीला पेट्रोलचा वास यायचा. पाहुणा आला की आई ताट वाढतानाच सांगून टाकायची, "वास येईल थोडा, खाऊन घ्या, पोटाला काही होत नाही." इंदूरला अन्नपूर्णा मंदिराजवळच्या एका गल्लीत बाबांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागच्या एकुलत्या एका खोलीत आम्ही तिघं राहायचो. खोलीचं दार दुकानात उघडायचं. दुसरं दार नव्हतं, खिडकीही नव्हती. त्यामुळे दुकानात जो धूर व्हायचा तो आधी आमच्या अंथरुणात यायचा आणि मग सावकाश गल्लीत जायचा.

अभ्यासाला टेबल म्हणजे दुरुस्तीला आलेल्या एखाद्या स्कूटरचं सीट. मी स्टुलावर बसायचे आणि वही सीटवर. गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं की वही उचलून दुसऱ्या गाडीवर जायचं. दहावीपर्यंत माझं टेबल असं रोज बदलत राहिलं. पुढे पुढे बदलायला दुसरी गाडीच नसायची.

कारण बाबा टू-स्ट्रोकचे मिस्त्री. पेट्रोलात ऑइल मिसळून चालणारी, निळा धूर सोडणारी ती जुनी इंजिनं बाबांना नुसत्या आवाजावरून कळायची. पण तशा गाड्या बनणं बंद झालं, होत्या त्या एकेक करून भंगारात गेल्या, आणि नव्या गाड्यांना कंपनीचं सर्व्हिस सेंटर आणि त्यांचा कम्प्यूटर लागायचा. मी आठवीत असताना दुकानात दिवसाला आठ-दहा गाड्या यायच्या. कॉलेजात गेले तोवर काही आठवडे शटर नुसतं सवयीनं वर जायचं. आई साड्यांना फॉल-पिको करायची, त्यावर घर चालायचं. भाजी नसली की आम्ही सेव-पोळी खायचो. इंदूरमध्ये सेव खाणाऱ्याला कोणी गरीब म्हणत नाही, ही आमची मोठी सोय होती.

आजोबा महूच्या छावणीत शिपाई होते. ते गेले तेव्हा बाबा सहावीत होते. शाळा तिथंच सुटली. आमच्या सगळ्या नातलगांत कॉलेजात जाऊन पदवी घेणारी मी पहिली. मेकॅनिकल इंजिनिअरिंग. वर्गात आम्ही चार मुली होतो आणि हाताची नखं काळी असणारी मी एकटी. पदवीदान समारंभाला बाबा आले तेव्हा त्यांनी लाकडाचा भुसा आणि कपड्यांचा साबण लावून अर्धा तास हात घासले होते. तरीही डाग राहिलेच. म्हणून माझ्या पदवीचा कागद त्यांनी बोटांनी धरलाच नाही, दोन्ही तळव्यांमध्ये हलकेच उभा पकडून वाचला. वाचला म्हणजे माझं नाव तेवढं शोधून काढलं.

मी हे अभिमानानं सांगते. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पदवी मिळाली, पण नोकरी मिळेना. आठ महिने गेले. आमचे काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, एका मॉलच्या पार्किंगमध्ये होते. ते आले की चहा पीत विचारायचे, "काय मग इंजिनियरबाई, डिग्रीला फ्रेम करून झाली का?" त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनीच बाबांसाठी पार्किंग सुपरवायझरची जागा बघितली. गणवेश, शिट्टी, महिन्याच्या एक तारखेपासून रुजू. बाबा हो म्हणाले. दुकान महिनाअखेरीस बंद करायचं ठरलं. बाबांनी एका दुपारी सगळे पाने, पुलर, चिमटे धुऊन पुसून जमिनीवर मांडले आणि कोणता कोणाला द्यायचा हे आईला सांगू लागले. आई ऐकत होती, पण मध्येच शिलाई मशीन जोरात चालवायची, म्हणजे ऐकू येऊ नये.

त्याच आठवड्यात, मंगळवारी, एक छोटा ट्रक गल्लीत शिरला आणि आमच्या दुकानासमोर अडकला.

ट्रकमधून महूचे एक निवृत्त सुभेदार उतरले. बाबा त्यांच्या जुन्या मोटारसायकलचे मिस्त्री, ओळख वीस वर्षांची. निवृत्तीनंतर त्यांनी मनालीकडे एका भागीदारासोबत पर्यटकांना बर्फात फिरवायचा धंदा टाकला होता, एवढं आम्हाला ठाऊक होतं. त्यांनी ताडपत्री ओढली. खाली एक यंत्र होतं. पुढे दोन स्की, मागे रणगाड्याला असतो तसा रबरी ट्रॅक, वर मोटारसायकलसारखं सीट आणि हँडल.

पाच मिनिटांत गल्ली भरली.

"भिया, ये क्या चीज उठा लाए? इसके पहिये किधर हैं?"

"बर्फावर चालते," सुभेदारसाहेब म्हणाले.

"तो फिर गोलेवाले के ठेले पे चढ़ा दो. इंदौर में बर्फ तो वहीं मिल रिया है."

बाबांनी हसणाऱ्यांकडे बघितलंही नाही. ते खाली वाकले, इंजिनात डोकावले आणि म्हणाले, "साहेब, हे तर टू-स्ट्रोक आहे."

"म्हणूनच तर आणलंय मिस्त्री. जबरन थोडीच आणलंय एवढ्या लांबून."

तक्रार अशी होती. गाडी एका झटक्यात सुरू व्हायची. हळू चालवा, निम्म्या रेसनं चालवा, दिवसभर चालायची. पण चढावर फुल रेस दिली की थोड्या वेळानं दम जायचा. आधी आवाज पातळ, मग धक्के, मग बंद. खाली उतरा, इकडेतिकडे बघा, किक नव्हे, दोरी ओढा, की पुन्हा पहिल्यासारखी. तिकडच्या तीन मिस्त्र्यांनी बघितली होती. प्लग बदलले, क्लचचा बेल्ट बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केले. फरक शून्य. मागच्या मोसमात एका नवऱ्या-बायकोला घेऊन ती अर्ध्या चढावर मेली होती आणि त्या दोघांना कमरेएवढ्या बर्फातून खाली चालत यावं लागलं होतं.

"अशा सात आहेत माझ्याकडे," सुभेदारसाहेब म्हणाले. "बाकीच्या सहा बऱ्या आहेत, पण पावसाळ्यात सगळ्यांचं काम काढावंच लागतं. भागीदार म्हणतो चंडीगढला देऊ. मी म्हटलं, आधी माझ्या माणसाला दाखवतो. ही नीट केलीस तर दर पावसाळ्यात सातही इंदूरला येतील. रविवारी सकाळी ट्रक परत निघतो. रविवारपर्यंत वेळ."

बाबांनी मागे वळून जमिनीवर मांडलेल्या पान्यांकडे बघितलं. मग मला म्हणाले, "बेटा, हे सगळं परत पेटीत भर."

बाबांची कामाची एक पद्धत होती, ती इथं सांगायला हवी. कोणतीही गाडी दुकानात आली की सगळ्यात आधी टाकीचा ढक्कन निघायचा. बाबा नाक टाकीवर नेऊन वास घ्यायचे. पेट्रोलात रॉकेल आहे का, पाणी आहे का, ऑइल किती पडलंय, हे त्यांना वासावर कळायचं. मग ढक्कन आणि चावी भिंतीवरच्या खिळ्याला टांगायची आणि टाकीच्या तोंडात एक स्वच्छ फडकं कोंबायचं. काम संपेपर्यंत, अगदी चालवून बघतानाही, फडकंच. गाडी मालकाच्या हातात देताना शेवटचा वास घेऊन ढक्कन लागायचा. "ढक्कन खिळ्यावर आहे म्हणजे गाडी माझी आहे," असं ते म्हणायचे. तीस वर्षं हा नेम मोडला नव्हता. ह्या बर्फगाडीचाही ढक्कन निघाला, बाबांनी वास घेतला, "पेट्रोल चांगलं आहे," म्हणाले, आणि ढक्कन खिळ्यावर गेला.

मी मोबाइलवर त्या इंजिनाचं मॅन्युअल शोधून काढलं. इंग्रजीत होतं, दीडशे पानांचं. मी वाचायचे, मराठीत सांगायचे, बाबा पाना लावायचे. दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, पंख्यानं थंड होणारं इंजिन. पाण्यानं थंड होणारं असतं तर बर्फाशिवाय ते तापून बसलं असतं. ह्यामुळे निदान इंदूरमध्ये चालवून बघायची सोय होती. बुधवारी आम्ही इंजिनाचं कॉम्प्रेशन मोजलं, ठीक. कार्बोरेटरमधले पेट्रोलचे जेट बघितले, ठीक. पेट्रोल पंपाची एक बारीक रबरी नळी तडकलेली सापडली. बाबांनी ती माझ्या डोळ्यांसमोर धरली.

"ही बघ. इथून हवा घेत असणार. सापडलं."

नळी बदलली, मागचा भाग लोखंडी स्टँडवर उचलला आणि बाबांनी फुल रेस दिली. गल्लीतल्या कुत्र्यांनी जागा सोडल्या. ट्रॅक हवेत गरगर फिरत होता आणि इंजिन मस्त गात होतं.

मी म्हटलं, "बाबा, ट्रॅक हवेत आहे. इंजिनावर लोड कुठंय? ओझं नाही तर ते पेट्रोल कितीसं पिणार?"

"रेस तर फुल आहे ना?"

"रेस फुल आहे, पण काम काहीच करत नाहीये ते."

बाबांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "मग ओझं आणू."

आणि मला वाटतं माझ्या पदवीवर त्यांचा खरा विश्वास बसला तो तिथं.

महूच्या पुढे सुभेदारसाहेबांच्या एका साडूंची जमीन होती. वरच्या अंगाला चढाचा माळ, ऑगस्टमुळे गुडघाभर ओलं गवत. गुरुवारी गाडी ट्रकनं तिथं नेली. ट्रॅकच्या आत प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्यांना बर्फाचं पाणी लागतं, नाहीतर त्या वितळतात; म्हणून साडूंनी पाण्याचे दोन ड्रम भरून ठेवले होते आणि प्रत्येक फेरीनंतर आम्ही ट्रॅकवर बादल्या ओतत होतो. ओझं म्हणून शेत सपाट करायचा लाकडी पाटा दोरानं मागे बांधला आणि त्यावर साडू आणि त्यांचे भाऊ उकिडवे बसले. दोघांचं वजन मिळून दीड क्विंटलच्या वर. आम्हाला आणखी काय हवं होतं?

बाबांनी टाकीत फडकं नीट कोंबलं आणि फुल रेस दिली.

ती गाडी गवत कापत, चिखल उडवत चढ चढली, वळली, खाली आली, पुन्हा चढली. तीन फेऱ्या. पाट्यावरचे दोघं नखशिखांत काळ्या मातीनं माखले आणि उतरायला तयार होईनात. दम जायचं नाव नाही. बाबा हँडलवरून उतरले तेव्हा त्यांचे दात दिसत होते, आणि बाबांचे दात दिसणं ही आमच्या घरात मोठी गोष्ट. त्यांनी रुमालानं टाकी पुसली, शेवटचा वास घेतला, सोबत आणलेला ढक्कन घट्ट लावला आणि सुभेदारसाहेबांना फोन केला, "साहेब, झाली. उद्या येऊन चालवून बघा."

शुक्रवारी सुभेदारसाहेब स्वतः बसले. मागे तोच पाटा, तेच दोघं. भागीदाराला दाखवायला त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून माझ्या हातात दिला. मनालीचा तो माणूस माझ्या तळहातात बसून बघत होता. गाडी निघाली. अर्धी फेरी झाली. आवाज पातळ झाला, धक्के बसू लागले, आणि गाडी चढाच्या मध्यावर मेली.

फोनमधून आवाज आला, "मैंने तो पहले ही बोला था."

सुभेदारसाहेब उतरले, टाकीचा ढक्कन उघडून पेट्रोल बघितलं, लावला, दोरी ओढली. गाडी सुरू. चढ संपेपर्यंत पुन्हा मेली. ते बाबांवर चिडले नाहीत, हेच जास्त लागलं. फक्त म्हणाले, "ठीक आहे मिस्त्री. रविवारी निघालो की जाताना चंडीगढला उतरवतो."

"ठीक आहे साहेब," बाबा म्हणाले.

संध्याकाळी काका घरी आले. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. "अरे, बर्फाची गाडी बर्फावरच चालणार, एवढं तर बिनाडिग्रीचं मलाही कळतं," ते मला म्हणाले. मग बाबांना, "दादा, सोमवारी गणवेशाचं माप द्यायचंय. लक्षात आहे ना?" बाबांनी मान हलवली. मला रडू आलं नाही. राग आला, आणि माझा राग कामाचा असतो. मी सुभेदारसाहेबांना फोन करून शनिवारचा एक दिवस मागितला.

"बेटा, उगाच ताणू नकोस," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत, बस."

मी वही घेतली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आमचे एक सर होते, ते एकच वाक्य धरून बसायचे: एका वेळी एकच गोष्ट बदला. मी लिहिलं, गुरुवार आणि शुक्रवार ह्यांत वेगळं काय होतं? चालवणारा वेगळा. पेट्रोल अर्धी टाकी कमी. गवत जास्त ओलं. ऊन कमी. सहा-सात गोष्टी झाल्या. ढक्कन त्या यादीत नव्हता. आमच्या दुकानात ढक्कन हा गाडीचा भाग नव्हताच. तो खिळ्याचा भाग होता. त्याच्याकडे बघायचं आम्हाला सुचलंच नाही.

शनिवारी सकाळी पुन्हा माळावर. पहिली फेरी बाबांनीच चालवावी असं मी सांगितलं. गाडी आदल्या दिवशी मालकाला दिलेली, म्हणून ढक्कन लावलेलाच होता. अर्ध्या फेरीत गाडी मेली.

मी वहीत 'चालवणारा' ह्यावर काट मारली. बाबा खाली उतरले आणि सगळे करतात तेच त्यांनी केलं: पेट्रोल आहे का बघायला ढक्कन उघडला. मी शेजारीच बादली घेऊन उभी होते. मला एक बारीक आवाज आला. सुस्स. पाण्याचा नळ जायच्या आधी करतो तसा.

"तुम्ही ऐकलंत?"

"काय?"

"काही नाही. लावा ढक्कन. पुन्हा."

पुन्हा अर्धी फेरी, पुन्हा बंद. बाबांचा हात ढक्कनाकडे गेला.

"थांबा बाबा. हात लावू नका."

"अगं, पेट्रोल तर बघू दे."

"पेट्रोल आहे. तुम्हीही जाणता. तसंच राहू द्या आणि सुरू करा."

गाडी सुरू झाली, हळू रेसवर बरी चालली. फुल रेस दिली तशी चार-पाच सेकंदांत मेली. पाव फेरीसुद्धा नाही. म्हणजे थांबून आराम दिल्यानं ती बरी होत नव्हती. बरी होत होती ती दुसऱ्याच कशानं तरी.

मी सगळ्यांना बोलावलं. साडू, त्यांचे भाऊ, आणि तोवर आलेले सुभेदारसाहेब. म्हटलं, "कान इथं आणा. बाबा, आता उघडा, हळू."

सुस्स. ह्या वेळी लांबलचक. साडू दचकून मागे सरले. "साप आहे का आत?"

"साप नाही, हवा आहे. बाहेरची आत जातेय."

मग मी टाकीच्या तोंडात बाबांचं फडकं कोंबलं, ढक्कन माझ्या ओढणीच्या टोकाला बांधला आणि म्हटलं, आता चालवा. गाडी चार फेऱ्या एकदाही न मरता फिरली. चौथ्या फेरीला मी ओरडत नव्हते. पण उड्या मारत होते, असं आई सांगते. तिला ते सुभेदारसाहेबांनी सांगितलं.

बाबांनी इंजिन बंद केलं. त्यांना मला काही समजवावं लागलं नाही. पाट्यावरच्या दोघांना मात्र समजावलं. पाणी पिताना प्लास्टिकच्या बाटलीला तोंड घट्ट लावून ओढलं की बाटली आत दबते आणि पाणी यायचं थांबतं, तसं. टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठी ढक्कनाला बारीक छिद्र असतं. ते बंद असलं तर हळू चालताना भागतं, पेट्रोल कमी जातं आणि ढक्कनाच्या आट्यांतून थोडी हवा झिरपते. फुल रेसला पंप ओढत राहतो, टाकी सोडत नाही, आणि इंजिन उपाशी मरतं. उतरून कोणीतरी ढक्कन उघडतं, हवा आत जाते, गाडी पुन्हा शहाणी. मनालीच्या मिस्त्र्यांनी हेच केलं, सुभेदारसाहेबांनीही हेच केलं. आणि बाबांनी तर ढक्कन लावून ती चालवलीच नव्हती.

बाबांनी माझ्या ओढणीची गाठ सोडून ढक्कन हातात घेतला, तोंडाला लावला, फुंकला. हवा गेली नाही. उलटा करून नखानं खरवडला. छिद्राच्या जागी राखाडी सीलंटचा एक गुळगुळीत थर होता.

"साहेब, हे कोणी भरलं?"

सुभेदारसाहेबांनी चष्मा लावून बघितलं. मग काढला. "मीच," ते म्हणाले. "मागल्या वर्षी त्यातून बर्फाचं पाणी टाकीत जात होतं. मी म्हटलं, बंद करून टाकू. एकदम पक्कं काम केलं होतं." आणि चष्मा खिशात ठेवत, "भागीदाराला मी सांगेन. तुम्ही कोणी सांगू नका."

साडूंना जे हसू आलं ते चिखलासकट.

मला बाबांची काळजी वाटत होती. गुरुवारी 'झाली' म्हणून त्यांनीच फोन केला होता, आणि चूक त्यांच्या सगळ्यात प्रिय नेमात निघाली होती. ते उठले आणि सगळ्यांसमोर, काम सांगावं तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "तीस वर्षं मी ढक्कन काढून गाडी तपासतो आहे. गाडीत दोष होता तो साहेबांचा. तपासण्यात होता तो माझा. पोरीनं दोन्ही पकडले." मग मला म्हणाले, "आता छिद्र मोकळं केलं तर पाणी पुन्हा जाणार. सांग, काय करायचं?"

तीस वर्षांत त्यांनी कोणाला असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

मी म्हटलं, छिद्रात तांब्याची बारीक नळी बसवू, तिला रबरी नळी जोडू आणि ती खाली वळवून हँडलखाली आडोशाला सोडू. हवा जाईल, बर्फ जाणार नाही. बाबांनी ते मनात करून बघितलं, मान हलवली आणि पेटी उघडली. दाभणानं सीलंट खरवडून काढलं, हातड्रिलनं छिद्र सरळ केलं, नळी बसवली. माझ्या डोक्यातल्या आकृतीपेक्षा त्यांनी केलेलं वळण जास्त सुबक होतं, हेही मला सांगितलंच पाहिजे.

मग बाबांनी ढक्कन लावला, घट्ट, आणि हँडल माझ्याकडे केलं.

मी सलवार खोचली आणि बसले. मनालीचा भागीदार पुन्हा फोनवर, ह्या वेळी सुभेदारसाहेबांच्या हातात. पाट्यावर साडू, त्यांचे भाऊ आणि बाबा, तिघंही. मी फुल रेस दिली आणि अंगठा तिथंच ठेवला. पहिला चढ, वळण, उतार, पुन्हा चढ. अर्ध्या फेरीची ती जागा आली, जिथं गवत आमच्याच चाकोरीनं काळं झालं होतं, आणि गेली. मी पाच फेऱ्या मारल्या. मधे फक्त ट्रॅकवर पाणी ओतण्यापुरता वेग कमी केला. सहावीला साडूच पाट्यावरून ओरडले, "बस करो बेटा, मेरा पूरा चारा खा गई तुम्हारी गाड़ी."

फोनमधून भागीदारानं विचारलं, "आखिर खराबी क्या थी?"

"टेक्निकल मामला है," सुभेदारसाहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी ट्रक मनालीकडे गेला, चंडीगढला थांबला नाही. सोमवारी बाबा गणवेशाचं माप द्यायला गेले नाहीत, काकांना फोनवर म्हणाले, "दुकानात काम आहे." काम अजून आलेलं नव्हतं. जानेवारीत सुभेदारसाहेबांचा फोन आला की ती गाडी मोसम सुरू झाल्यापासून फुल रेसवर चढ चढते आहे. पुढच्या जुलैत सातही गाड्या आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ, भागीदारानं शब्द टाकल्यामुळे, आणखी दोघा मालकांच्या चार. गल्लीत जागा पुरेना म्हणून आम्ही सुदामा नगरच्या टोकाला मोठी शेड घेतली. बाबा अजूनही आधी ढक्कन काढून वास घेतात, पण शेवटची फेरी ढक्कन लावून होते, आणि ती मी मारते. काका पार्किंगमध्येच आहेत; त्यांच्या मुलीनं यंदा मेकॅनिकलला प्रवेश घेतला, फॉर्म भरायला ते तिला माझ्याकडे घेऊन आले.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे अकरा बर्फगाड्या आल्या आणि अकराही धडधाकट परत गेल्या. बंद होणार होतं ते दुकान आज सुरू आहे, आणि ते बाबा आणि मी मिळून चालवतो.